पाणी बेचाळीस सेकंद

मगदूम सर कुठल्याही कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तापमान लिहीत. प्रयोगवहीत लिहिलं तर समजण्यासारखं आहे, पण सर रजेच्या अर्जावरही लिहीत. ‘मुलीच्या लग्नानिमित्त चार दिवस रजा मिळावी ही विनंती’, आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘२९ अंश’. ऑफिसात नव्यानं आलेल्या क्लार्कनं एकदा तो पत्राचा क्रमांक समजून रजिस्टरला चढवला. पुढं कितीतरी दिवस बिचारा त्याच्या आधीचं अठ्ठावीस नंबरचं पत्र शोधत होता.

कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात आम्ही दोघांनी सतरा वर्षं समोरासमोरच्या लॅबमध्ये काढली. माझ्याकडे झाडपाल्याची औषधं होती, त्यांच्याकडे फिजिकल फार्मसी. औषध पाण्यात किती विरघळतं, तळाला का बसतं, बाटलीत किती दाट असलं म्हणजे चमच्यात नीट पडतं, असा तो सगळा मामला. मुलांना हा विषय अजिबात आवडत नाही. औषधं शिकायला आलो आणि हे आलेख काढायला कुठं बसवलं, असा चेहरा करून पोरं त्यांच्या लॅबमध्ये शिरत. सरांना त्याचं काही वाटत नसे. ते अ‍ॅप्रनची सगळी बटणं लावून, खिशात लाल पेन अडकवून दारात उभे असत आणि पहिलाच प्रश्न विचारत, “आज किती अंश?”

मूळचे ते गडहिंग्लजकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. वर्गात बोलायचे ते पुस्तकातलं मराठी, पण राग आला किंवा गंमत सुचली की कोल्हापूरचं. थेंब मोजायचा प्रयोग असला की मात्र ते कानडीत मोजत. काचेच्या नळीतून थेंब पडतोय आणि सर डोळे बारीक करून पुटपुटतायत, “ओंदु, एरडु, मूरु...” मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “मॅडम, मराठीत मोजताना मधेच कुणी हाक मारली तर मी उत्तर देतो आणि आकडा जातो. कानडीत मला हितं कोण हाक मारणार?”

औषधाच्या दुकानात ते गिऱ्हाईक म्हणून गेले तरी दुकानदाराला कापरं भरे. काउंटरवरची पातळ औषधाची बाटली उचलायची, उलटी करायची आणि तळाशी साका चिकटून बसलाय का ते उजेडात बघायचं. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सोडायचे नाहीत. “पावणं, ही बाटली दर वेळी हलवून द्या पोराला. न्हाईतर आज नुसतं पाणी पाजाल आणि शेवटच्या दिवशी सगळं औषध एकदम.” पावणं मान डोलवून निघून जात. दुकानदार सरांचेच विद्यार्थी असत, त्यामुळे त्यांना कुणी बाहेर काढत नसे.

दर थंडीत ते एक बॅच कसबा बावड्याच्या बाजूला गुऱ्हाळावर नेत. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले, खरं सांगायचं तर गरम गूळ खायला. तिथला गुळव्या म्हणजे दत्तूअण्णा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात लांब दांड्याचं फावडं. उकळत्या काहिलीतला रस त्यानं चमचाभर घेतला, पाण्यात टाकला, बोटात घेऊन त्याची गोळी वळली आणि “आलं!” म्हणून ओरडला. चौघांनी काहील उतरवली. सरांनी आधीच एका मुलीला लांब थर्मामीटर देऊन उभं केलं होतं. आकडा घेतला, वहीत लिहिला. दुसरी काहील झाली. अण्णा “आलं!” म्हणाला तेव्हाचा आकडा पहिल्याच्या अर्ध्या अंशाच्या आत. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी अण्णाचा गुळानं चिकट झालेला हातच हातात घेतला.

“अण्णा, तुम्ही आमचे परीक्षक व्हा.”

“मी चौथी शिकलोय सर.”

“तरी चालतंय. तुमची बोटं तुम्हाला फसवत न्हाईत. आमच्या पोरांच्यात एवढं एकच कमी हाय.”

हा त्यांचा कायमचा सल होता. मुलं आकडे रचतात. ही काही आमच्याच कॉलेजातली गोष्ट नाही. प्रयोग करायचा कंटाळा, मागच्या वर्षीच्या वहीचे फोटो मोबाईलवर फिरत असतात, उत्तर पुस्तकात दिलेलं असतं. उत्तरावरून मागं मागं येत आकडे बसवायचे आणि बाईंची किंवा सरांची सही घ्यायची. आमच्यात त्याला रीडिंग शिजवणं म्हणतात. बहुतेक शिक्षक सही करून मोकळे होतात. मीही केलेल्या आहेत. मगदूम सर मात्र शिजवलेलं रीडिंग नुसत्या वासावर ओळखत, आणि समासात लाल पेनानं लिहीत, ‘छान शिजलंय, मीठ कमी.’ वही परत. पुन्हा प्रयोग. एका पोराला त्यांनी एकच प्रयोग पाच वेळा करायला लावला होता. “चुकलेला आकडा आण, मी मार्क देतो. पण तुझा आण,” असं ते म्हणत, आणि खरोखर देत. चुकलेल्या आकड्याला पूर्ण मार्क देणारा दुसरा माणूस माझ्या बघण्यात नाही.

आता त्या नळीकडे येते.

द्रवाचा दाटपणा मोजायची एक काचेची नळी असते, इंग्रजी ‘यू’च्या आकाराची. तिच्यातून आधी पाणी सोडायचं आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागले ते बघायचं. मग त्याच नळीतून औषधाचं द्रावण सोडायचं. दोन वेळांची तुलना केली की दाटपणा निघतो. प्रत्येक नळीचं भोक कमीजास्त असतं, त्यामुळे पाण्याचा वेळही नळीगणिक वेगळा. सरांच्या लॅबमधल्या नळीच्या स्टँडवर त्यांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘पाणी : ४२ सेकंद. २५ अंश.’ वीस वेळा मोजून, सरासरी काढून लिहिलेला तो आकडा. मुलांना सूचना अशी, की तुमचंही पाणी बेचाळीसच आलं पाहिजे. आलं नाही तर नळी मळलेली आहे, धुवा आणि परत घ्या.

सर निवृत्त व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात प्रॅक्टिकलच्या परीक्षेला सुप्रिया गावडेला तो प्रयोग आला. चंदगडकडची मुलगी, दुसऱ्या वर्षाची. वडील काजूच्या कारखान्यात. ही घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. फार हुशार होती असं नाही, पण माझ्या लॅबमध्ये ती सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसे तेवढंच काढायची. बाकीची पुस्तकातलं चित्र बघून काढत, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली होती.

तिनं पेपरात लिहिलं, पाणी अठ्ठावन्न सेकंद, द्रावण ब्याण्णव. शेवटचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळत होतं.

माझ्या लॅबचं दार उघडं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. बाहेरगावचे परीक्षक खुर्चीत बसले होते आणि त्यांचं निम्मं लक्ष जेवणाच्या डब्याकडे होतं. बाकीची मुलं आपापल्या टेबलाशी.

“पाणी अठ्ठावन्न?” सर म्हणाले. “या नळीतनं पाणी बेचाळीस सेकंदात जातं. तिथं लिहिलंय.”

“सर, तीनदा धुतली. अठ्ठावन्नच येतंय.”

“आकडे अशक्य आणि उत्तर बरोब्बर. याचा अर्थ काय होतो? उत्तरावरून मागं आलीस. निदान शिजवताना चिठ्ठी तरी वाचायची.”

“शिजवलं न्हाई सर. तुम्ही स्वतः वेळ लावून बघा.”

“माझा वेळ मी लावून झालाय. वीस वेळा. खोटं बोलायचं असलं तर दुसऱ्याच्या लॅबमध्ये जायचं.”

मी मधे पडले नाही. दुसऱ्याच्या लॅबमध्ये नाक खुपसायचं नाही अशी आमच्यात रीत आहे, आणि शिवाय मलाही सरांचंच खरं वाटलं होतं. ती प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. एका विषयात राहिलं तरी पुढच्या सत्रात बसता येतं, फक्त फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचा असतो. तिनं तो भरला नाही. नवं सत्र सुरू झालं तेव्हा हॉस्टेलमधली तिची खोली रिकामी होती.

फेब्रुवारीत सरांनी लॅब आवरायला काढली. मेमध्ये निवृत्ती होती आणि मागून येणाऱ्याला सगळं स्वच्छ मिळावं अशी त्यांची इच्छा. स्टँडवरची चिठ्ठी पिवळी पडली होती, शाई उडाली होती. नवी लिहायची तर जुना आकडा नुसता उतरवून कसा चालेल, म्हणून ते पुन्हा पाण्याचा वेळ घ्यायला बसले. माणूस असा होता म्हणूनच हे सापडलं.

थोड्या वेळानं ते माझ्या दारात आले. हात ओले. “मॅडम, तुमच्या मोबाईलवर वेळ लावा जरा. माझं घड्याळ बिघडलंय.”

मी लावला. सत्तावन्न आणि वर थोडं. नळी अ‍ॅसिडनं धुतली, सुकवली, परत भरली. अठ्ठावन्न. त्यांनी तापमान पाहिलं. पंचवीस. पुन्हा अठ्ठावन्न. पाचव्या वेळेनंतर त्यांनी तानाजीला हाक मारली. तानाजी म्हणजे आमचा लॅबमधला शिपाई, काच धुणं आणि काच फोडणं ही दोन्ही खाती त्याच्याकडे.

“तानाजी, ही नळी कुठली?”

“कपाटातली. जुनी फुटली न्हवं का गेल्या साली, जूनमध्ये.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं हुतं की सर! तुम्ही पेपर तपासत हुतासा. नळी बदललीया म्हणलो, तुम्ही ‘बरं’ म्हणलासा.”

सरांनी कपाट उघडून त्या वर्षीच्या प्रयोगवह्या काढल्या. जूननंतरच्या, म्हणजे नव्या नळीवरच्या. आम्ही दोघं एकेक वही उघडत गेलो. पाणी बेचाळीस. पाणी बेचाळीस. पाणी एकेचाळीस पूर्णांक आठ. द्रावण सदुसष्ट, सहासष्ट. जुन्या नळीचे आकडे, नव्या नळीवर, आणि प्रत्येक पानावर खाली सरांची सही. मीठ कमी असं एकाही पानावर लिहिलेलं नव्हतं. अठ्ठावन्न लिहिणारी फक्त ती एक होती, तीही परीक्षेच्या पेपरात, आणि तिथं त्यांनी लाल पेन चालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना लेखी दिलं की चूक माझी आहे, निकाल दुरुस्त करावा. प्राचार्य समजूतदार होते. म्हणाले, “निकाल जाहीर झालाय, तो बदलत नाही. फेरपरीक्षा घेता येईल. पण सर, तीन महिने राहिलेत तुमचे. हे कागदावर कशाला आणताय?” सरांनी पत्र मागं घेतलं नाही. उलट दुसरं दिलं, की त्या फेरपरीक्षेला परीक्षक म्हणून मला ठेवू नये.

मग एका रविवारी ते मला म्हणाले, “मॅडम, चंदगडला याल का? पोरीच्या घरी एकटा कसा जाऊ.”

एस.टी.नं गेलो. सर खिडकीशी बसले होते आणि सगळ्या वाटेत दोन वाक्यं बोलले असतील. गावात उतरून घर विचारत गेलो. अंगणात सुप्रिया आणि तिची आई सुपात काजूगर घेऊन फुटके आणि अख्खे वेगळे करत बसल्या होत्या. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली. वडील धावत आले, खुर्च्या आल्या, शेजारची चार माणसं जमली.

“बसा की सर. च्या टाक गं.”

“चहा नंतर,” सर म्हणाले. उभेच राहिले. “तुमच्या मुलीला मी सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. नापास केलं. तिनं मोजलेलं बरोबर होतं. नळी बदलली होती आणि मला माहीत नव्हतं. मी बघायला पाहिजे होतं, ती बघा म्हणत होती, मी बघितलं नाही. माझं चुकलं.”

वडील एकदम अवघडले. “आवो सर, असं काय म्हणताय! मास्तरानं एक शब्द बोलला म्हणून काय झालं? सोडा की.”

शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या. एवढा मोठा माणूस कोल्हापूरहून येऊन हात जोडतोय म्हटल्यावर प्रकरण त्यांच्या लेखी तिथंच मिटलं होतं. सुप्रियानं सूप खाली ठेवलं.

“सर, हितं म्हणून काय उपयोग? हितं मला कुणी खोटी म्हणतच न्हवतं.”

“ए, गप,” आई म्हणाली.

“गप का? कॉलेजात म्हणलासा, कॉलेजात सांगा. ती सगळी हुती तवा. हॉस्टेलातल्या पोरी मला जेवताना विचारत हुत्या, आज काय शिजवलंस.”

सर तिच्याकडे बघत होते. “सांगतो,” ते म्हणाले. “पण तू असताना. तू नसताना सांगितलं तर त्यांना वाटेल मी उगीच दया दाखवतोय. येशील?”

तिनं लगेच हो म्हटलं नाही. चहा झाला, आईनं काजूगराची पिशवी माझ्या हातात कोंबली, आम्ही निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, “फॉर्मची तारीख कवा हाय?”

परतीच्या गाडीत सर बोलायला लागले. अपराधी वाटत होतं त्यांना, पण त्याच्याबरोबर रागही होता आणि तो वाढतच चालला. “मॅडम, पोरगी बरोबर बोलली. पण बाकीच्यांचं काय? पन्नास पोरं. पन्नासातल्या एकानं सुद्धा पाणी मोजलं नाही! मागच्या वहीतनं उतरवलं सगळ्यांनी. इतकी वर्षं मी काय शिकवलं?” निपाणीचा फाटा येईपर्यंत हेच चाललं होतं. मला त्यांची कीव आली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा आली.

सुप्रियानं फॉर्म भरला, फेरपरीक्षा दिली, पास झाली. यंदा ती शेवटच्या वर्षाला आहे. सर मेमध्ये निवृत्त झाले, गडहिंग्लजला गेले. निरोपसमारंभात भाषणं झाली, शाल दिली, त्यातलं मला काही आठवत नाही. सर म्हटलं की मला दिसतो तो मार्चमधला एक दिवस, ज्या दिवशी ती परत आली.

सरांनी ती सगळी बॅच लॅबमध्ये बोलावली होती. मी दारात उभी. सुप्रिया पहिल्या टेबलाशी, मान खाली. सर फळ्यापुढं उभे राहून चंदगडला बोलले तेच बोलले, त्याच शब्दांत, एकही शब्द मऊ न करता. “हिनं खरं लिहिलं. मी तिला खोटी म्हटलं. तुमच्या सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणून तुमच्या सगळ्यांसमोर सांगतोय.” सुप्रियानं मान वर केली. तिथं ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण मनात साचलेलं होतं, आवाज चढला.

“आणि तुम्ही? पन्नास जण! त्या नळीतनं एकानं तरी पाणी सोडलं होतं का? एकानं तरी वेळ लावला होता का? लावला असला तर हात वर करा. बघू दे मला.”

मग मागच्या टेबलावरच्या एका मुलीनं हात वर केला.

“मी लावला हुता सर.”

“किती आले?”

“अठ्ठावन्न.”

“मग बेचाळीस का लिहिलंस?”

“तुमाला सांगितलं हुतं सर, जास्त येतंय म्हणून. तुम्ही ‘धुवा’ म्हणलासा. धुतली. परत अठ्ठावन्नच. मग... चिठ्ठीवर तुमचं अक्षर हुतं. आपलंच चुकतंय म्हटलं, आन् खोडलं.”

तिच्या शेजारच्यानं हात वर केला. मग खिडकीजवळच्या दोघींनी. मग मधल्या टेबलावरचे चौघे एकदम, आणि मग सगळ्याच टेबलांवरून हात वर येत गेले. कुणी नुसतं “मी पण सर” म्हणालं. सुप्रिया मागं वळून एकेकाकडे बघत होती. परीक्षेच्या दिवशी ही सगळी तिथंच होती आणि तिचा आकडा बरोबर आहे हे यांतल्या निम्म्याहून अधिकांना ठाऊक होतं, हे तिला तेव्हा कळलं असावं. मलाही तेव्हाच कळलं.

सर फळ्याला टेकले. अ‍ॅप्रनला खडू लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. हात खाली घ्या असं ते म्हणाले नाहीत, आणि सरांनी सांगितल्याशिवाय त्या लॅबमध्ये कुणी काही करत नसे, त्यामुळे ते सगळे हात तसेच वर राहिले.